मदत हवी आहे : नववीच्या मुलांशी कुष्ठरोगाविषयी कसे बोलावे?

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी प्रतिज्ञा मुले खड्या आवाजात म्हणतात. मात्र एका विद्यार्थिनीच्या आजोबांना हा आजार असल्याचे कळताच तिच्या शेजारची जागा रिकामी झाली. हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला, बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिन्यांचा असून सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि तो सुरू झाल्यावर संसर्गाची भीती उरत नाही, हे सारे मुलांना पाठ आहे (परीक्षेपुरते). भीती बहुधा घरातूनच येते. ‘महारोगी’ हा शब्द अजूनही शिवीसारखा वापरला जातो. त्या मुलीला आणखी एकटे न पाडता पालकांसमोर हा विषय कसा मांडावा? कोणी असा प्रयत्न केला असल्यास कृपया अनुभव कळवावा.