गोविंदराव टेंबे : पेटी मोठी की चाली मोठ्या?

करवीरकर_७७
परवा इथंच कोल्हापुरात नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. निम्म्याहून जास्त पदं खाडिलकरांच्या मानापमान नाटकातली, आणि निवेदकांनी गोविंदराव टेंब्यांची ओळख "कोल्हापूरचे थोर हार्मोनियमवादक" एवढ्यावर उरकली, या चाली त्यांनी दिल्यात हे शेवटपर्यंत कुणी बोललंच नाही. लई खटकलं म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं असं की गोविंदरावांची पेटी मोठी होतीच, त्यात वाद नाही, पण त्यांचं खरं काम चाली देण्याचं आणि आपल्या गावानं त्यांना आधी संगीतकार म्हणून डोक्यावर घ्यायला पाहिजे.

जरा मागचं बघा. किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ चं, देवलांचं शारदा १८९९ चं. तेव्हा नाटक लिहिणाराच पदांच्या चाली ठरवायचा, साकी दिंडी अशा जुन्या छंदांच्या चाली, कीर्तनातल्या चाली, कुठं कानडी चाल कुठं लावणीची, लोकांच्या कानावर जे आहे ते घ्यायचं नि त्यावर शब्द बसवायचे. १९११ ला किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं मानापमान बसवायला घेतलं तेव्हा चालींसाठी लेखक सोडून दुसरा माणूस बोलावला, तो हा आपला माणूस, तिशी सुद्धा पूर्ण झाली नव्हती त्यांची. नाटकाला संगीतकार म्हणून वेगळा माणूस लागतो हे तिथनं ठरलं. १९१६ ला स्वयंवराच्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या त्या याच वाटेनं. एवढी मोठी गोष्ट आणि आपण सांगतो काय तर पेटी छान वाजवायचे.

पायपेटी
करवीरकर, वाट त्यांनी पाडली हे एकदम कबूल. पण मी स्वतः पेटी शिकवतो, नाटकांना ऑर्गनची साथ केलीय, त्यामुळं मला उलटं दिसतं. मानापमानाच्या चाली आल्या कुठनं सांगा? पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी, होरी, गझल, हे सगळे उत्तरेकडचे गाण्याचे प्रकार. बैठकीतनं, कलावंतिणींच्या गाण्यातनं त्यांनी ऐकून ठेवलेलं भांडार होतं ते, त्यातनं निवडून मराठी शब्दांना दिलं. निवड उत्तम, कान उत्तम, पण मुळात ते दुसऱ्यांचं गाणं.

पेटी मात्र पूर्ण त्यांची. पेटीचा असा गुरू त्यांना नव्हता, इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत बसून ऐकून ऐकून हात तयार झालेला माणूस. आणि साथ कुणाला करायचे तर भास्करबुवांना! बुवांकडं ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर तिन्ही घराण्यांची तालीम. अशा गवयाच्या मागं पेटी धरणं म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच कळतं. सारंगीवाल्याचं बोट तारेवर सरकतं, चुकीच्या जागी पडलं तर तिथनंच सरकवून सावरता येतं, पेटीला ती सोय नाही, पट्टी दाबली की तो सूर वाजलाच. त्यामुळं बुवांची तान कुठं वळणार हे वळायच्या आधी बोटांना कळावं लागतं. हे ज्याला जमलं त्याचं मोठेपण आधी पेटीत.

सारंगी_सोबत
मी करवीरकरांच्या बाजूनं, पण कारण वेगळं आहे आणि ते पायपेटी दादांना आवडणार नाही.

पेटीनं आपल्या गाण्याचं नुकसान केलंय असं मला मनापासून वाटतं. मींड म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं नाही, गमक म्हणजे सुराला जोरदार हेलकावा नाही, आंदोलन म्हणजे सुराचं संथ डुलणं नाही, दरबारी रागाचा डुलता गंधार तिच्यातनं निघूच शकत नाही. आणि सूर समान अंतरावर लावलेले, तंबोऱ्याच्या झंकारातनं आपोआप जो स्वयंभू गंधार ऐकू येतो त्यापेक्षा पेटीचा गंधार चढाच लागतो. रोज पेटीवर रियाज करणाऱ्या मुलांना तो चढा गंधारच खरा वाटायला लागतो. आकाशवाणीनं १९४० ला पेटीवर बंदी घातली ती उगीच नव्हती, रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. १९७१ पर्यंत ती बंदी होती. गोविंदरावांसारख्या थोर माणसांनी पेटीला मान मिळवून दिला म्हणून सारंगी मागं सरली, हे मला त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवूनही म्हणावं लागतंय. त्यांच्या चाली मात्र गळ्यासाठी बांधलेल्या आहेत आणि म्हणून त्या टिकल्या.

भाता_आणि_सूर
ताई, गंधाराचं बोललात म्हणून लिहितोय, आमच्या घरी पेट्या दुरुस्त करायचं काम आहे. पेटी समान अंतरावरच लावली पाहिजे असा काय नियम नाही ओ. जुने गवई गंधार ट्यूनिंग करून मागायचे, म्हणजे षड्ज (सा) तंबोऱ्याला मिळवून गंधार धैवत त्याच्याशी जुळवून घ्यायचे, अजूनबी कोणकोण तसं मागतंय. सूर म्हणजे पेटीच्या आत बसवलेली पितळेची पट्टी, मोकळ्या टोकाकडं हलकं खरवडलं की सूर चढतो, बुडाकडं खरवडलं की उतरतो. कानस कशी फिरवतो त्यावर आहे, जरा जास्त खरवडलं गेलं तर पुढं पट्टी मोडते बी. एक गंधार तंबोऱ्याला नीट मिळवायला कधीकधी अर्धा दिवस जातोय, सूर काढायचा, घासायचा, परत बसवायचा, भाता मारून ऐकायचं, परत काढायचा. अडचण एकच, अशी लावलेली पेटी एकाच स्वरपट्टीत गोड लागते, षड्ज बदलला की बेसूर. रोज वेगवेगळ्या गाणाऱ्याला एकच पेटी पुरवायची म्हणून लोकांनी समान अंतराची सवय लावून घेतली, त्यात त्या वाद्याचा काय दोष. आणि आता डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी पण केलीय.

मींड नाही हे बरोबर. म्हणून तर पेटीवाला शेजारच्या सुराला निसटता स्पर्श करून, म्हणजे कणस्वर आणि खटक्यांनी मींडेचा भास करतो, ती पण कलाच की.

करवीरकर_७७
पायपेटी सर, दुसऱ्यांचं गाणं म्हणालात त्यावर बोलतो, कारण हेच सगळेजण म्हणतात. ठुमरीत एकच बोल दहा तऱ्हेनं म्हणायचा असतो, प्रत्येक वेळी भाव बदलून. ती गोष्ट नाटकात आणायची म्हणजे नुसती चाल उचलून चालत नाही. नाटकात समोर संवाद चाललाय, रागावलेली नायिका भामिनी आहे, पद संपलं की लगेच पुढचं वाक्य आहे. नाही मी बोलत नाथा हे पद घ्या. रुसवा आहे पण त्यात लाडिकपणा आहे, नुसतं "नाही" म्हणताना सूर जरा अडतो आणि पुढं "नाथा" वर सगळा राग विरघळतो. हे ठुमरीनं शिकवलं असेल, पण मराठी नाटकातल्या बाईच्या तोंडात ते कुणी घातलं? त्याच्या आधीचं सौभद्र शारदातलं गाणं किती वेगळं आहे ऐकून बघा, गोड आहे पण सरळ आहे. बालगंधर्वांचा जो लडिवाळपणा आपण म्हणतो त्याला घाट मिळाला तो या चालींमधून असं माझं ठाम मत आहे.

आणि भैया गणपतरावांना कसं विसरता? ग्वाल्हेरचे, पेटीवर ठुमरी वाजवण्यात त्यांच्यासारखं कुणी नव्हतं, आणि गोविंदरावांच्या पेटीवर त्यांचा ठसा मोठा. म्हणजे चालींना उसनं म्हणायचं असेल तर पेटीचं पण तेच म्हणावं लागेल, तिथं मात्र तुम्ही पूर्ण त्यांची म्हणता.

पायपेटी
भैया साहेबांचा मुद्दा चांगला काढलात. पण ठसा वेगळा आणि चालीच्या चाली घेणं वेगळं. आणि सगळ्या पदांची चाल अशी भामिनीच्या पदासारखी विरघळत नाही, पूर्ण नाटक डोळ्यापुढं ठेवून बोला.

तांबडा_पांढरा
एक गोष्ट दोघांनी पण सोडून दिली. मानापमान म्हणून आज आपण जे ऐकतो त्यातलं किती टेंब्यांचं राहिलंय? नायक धैर्यधराची पदं घ्या, बलवंत नाटक मंडळीत मास्टर दीनानाथांनी ती आपल्या पद्धतीनं बदलून गायली आणि तीच गाजली, आज पोरं स्पर्धेत म्हणतात ती त्याच वळणाची. १९११ ला नानासाहेब जोगळेकर ती कशी म्हणत होते, १९२१ ला दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात आपले केशवराव भोसले बालगंधर्वांपुढं उभं राहून कशी म्हणाले, ते आता कुणाच्या कानात नाही. मग संगीतकार म्हणून डोक्यावर घ्या म्हणताना कुठल्या चाली डोक्यावर घ्यायच्या ते तरी ठरवा की.

करवीरकर_७७
ह्याचं उत्तर सरळ आहे भावा, म्हणूनच शोधायला पाहिजे. पेटीवाला म्हणून ठेवलं की शोधायची गरजच राहत नाही कारण पेटी हवेत विरली. चाली निदान गळ्यागळ्यातनं उतरत आल्यात, भामिनीची पदं बालगंधर्वांच्या परंपरेत बरीच सांभाळली गेलीत. आणि दीनानाथांनी बदलल्या म्हणजे मूळ चालीत बदलण्याजोगं काहीतरी दमदार होतं म्हणून ना.

मंगळवार_पेठ
मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जरा कडू बोलणार आहे पण प्रेमानंच. गोविंदराव एका जागी ठरले नाहीत हे त्यांच्या कामाचं सगळ्यात मोठं नुकसान. १९१३ ला बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि ते अशी तिघांची गंधर्व नाटक मंडळी झाली, थोड्याच वर्षांत ते बाहेर पडले. मग स्वतःची शिवराज मंडळी काढली, मालकी, कर्ज, बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणं, त्यात चाली कधी सुचणार? नाटकं पण लिहिली, मग सिनेमा, मग पुस्तकं. पेटी घेतली असती तर पेटीत शिखर गाठलं असतं, चाली घेतल्या असत्या तर चालींत. एवढी ताकद सगळीकडं थोडी थोडी वाटली गेली.

सारंगी_सोबत
याला माझा कडाडून विरोध. १९३२ च्या अयोध्येचा राजाकडं बघा, प्रभातची कंपनी तेव्हा इथं आपल्या कोल्हापुरातच होती, मराठीतला पहिला बोलपट, आणि हा माणूस पन्नाशीला आलेला, हरिश्चंद्राचं काम पण करतो, गातो पण आणि संगीत पण देतो. नाटकात वन्समोअर आला की पद अर्धा तास चालायचं, प्रेक्षकांना तेच हवं असायचं. सिनेमात पद काही मिनिटात संपवावं लागतं, प्लेबॅक नाही, नट कॅमेऱ्यापुढं गातोय आणि वाजवणारे तिथंच जवळ पण दिसणार नाहीत असे बसलेत. आयुष्यभर लांबण लावून गायलेल्या माणसानं पन्नाशीत चाल आखूड करायला शिकणं ही सोपी गोष्ट आहे का? ज्याला भटक्या म्हणताय त्यानं नाटकाचं गाणं सिनेमात कसं न्यायचं ते करून दाखवलं. मायामच्छिंद्र, सैरंध्री ही पुढची कामं पण आहेत.

मंगळवार_पेठ
ताई सिनेमाचं मान्य, पण त्या कंपनीच्या मालकीपायी गेलेली वर्षं परत येत नाहीत, माझा मुद्दा तिथंच आहे.

नवा_कीबोर्डवाला
मी कीबोर्ड वाजवतो, कॉलेजच्या बँडमध्ये. पायपेटी सर, ऑर्गन आणि पेटीत एवढा काय फरक असतो? आणि गोविंदरावांचं पहिल्यांदा काय ऐकू / वाचू?

पायपेटी
पेटीत डावा हात भात्याला अडकलेला, वाजवायला एकच हात. ऑर्गनला हवा पायानं, दोन पावट्या आलटून पालटून दाबायच्या, म्हणून दोन्ही हात मोकळे. आणि पेटीत हवा सुरातनं बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून आवाज मऊ आणि भरलेला. पण पाय नीट पाहिजेत, एक पाय जरा जास्त पडला की सूर फुगतो आणि गाणाऱ्याला लगेच कळतं. बालगंधर्वांकडं ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवा खाँसाहेब, असा मेळ होता. नंतरच्या काळात गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांना ऐक, ऑर्गन आणि पेटी दोन्ही.

वाचायचं असेल तर टेंब्यांचं माझा संगीत व्यासंग आधी, मग माझा जीवनविहार. आणि त्यांनी लिहिलेलं अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं होते, प्रत्यक्ष शागिर्दी न करता टेंब्यांनी खाँसाहेबांची जयपूर घराण्याची गायकी भास्करबुवांकडून घेतली. खाँसाहेबांचं गाणं त्यांनी शब्दात ज्या बारकाईनं पकडलंय ते साथीला बसून बसून तयार झालेल्या कानाशिवाय होत नाही, करवीरकर, हे तुमच्यासाठी पण.

करवीरकर_७७
कानाचं मान्य सर. पण तोच कान चालींत आहे, मी तेच म्हणतोय सुरुवातीपासून.

एक सुचवतो सगळ्यांना. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या आगीत जळालं, ते परत उभं राहिलं की तिथं मानापमान पूर्ण व्हावं, निवडक पदं नकोत, आख्खं नाटक, पुढं ऑर्गन, सारंगी, तबला, कीबोर्ड ट्रॅक काही नाही. भामिनीची पदं जेवढी मूळच्या जवळ नेता येतील तेवढी नेऊन. जाहिरातीवर "संगीत गोविंदराव टेंबे" लेखकाच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात.

तांबडा_पांढरा
नाटकाला मी पहिला पैसे देणार. पण धैर्यधर दीनानाथांच्या चालीनंच म्हणू दे हं, लोक त्यासाठीच येतील.

करवीरकर_७७
नाही, तिथंच तर अडतंय. दोन्ही चाली एका प्रयोगात आणून मिसळ करायची असेल तर मी त्यात नाही.

पायपेटी
जाहिरात, चाली सगळं नंतर. आख्खं नाटक म्हणजे चार पाच तास पाय चालवणारा ऑर्गनवाला लागणार, असे आता बोटांवर मोजण्याइतके आहेत. आधी दोन पोरं तयार करा, वर्ष तरी जाईल त्यात. कीबोर्डवाल्या, तुझे पाय चालतात का बघू, माझ्याकडची पायपेटी बंद पडलीय तेवढी भाता_आणि_सूर यांनी बघून दिली तर लगेच सुरू करू.

भाता_आणि_सूर
आणून टाका सर. बहुतेक आतलं चामडं गेलं असणार, सूर चांगले असतील तर होतंय. ट्यूनिंग गंधारचं करायचं का समान, ते मात्र तुमचं आणि ताईंचं ठरू दे आधी.