कोविडनंतरचं जगणं : काय परत आलं, काय नाही? अनुभव लिहा

मला कोविड एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत झाला. सीटी स्कोअर (स्कॅनमध्ये फुफ्फुसं किती बाधित दिसतात तो आकडा) २५ पैकी १५, रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी भाऊ रात्रभर पुण्यात वणवण फिरत होता. त्यातून सुटलो. पण घरी आल्यावर आंघोळ करून बाहेर आलो की पलंगावर बसूनच राहायचो, डोकं पुसायला हात वर नेला तरी धाप लागायची आणि येणारा प्रत्येकजण म्हणायचा, निगेटिव्ह आलास ना, मग आता काय! जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच व्याख्या केलीय की आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी त्रास असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि दुसरं काही कारण सापडत नसेल तर तो कोविडनंतरचा आजार धरायचा. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत, आणि हे घरच्यांनाही कळायला हवं म्हणून लिहायला सांगतोय.

माझ्यापुरतं सांगतो. सहा मिनिटं चालायची टेस्ट केली तेव्हा ऑक्सिजन ९६ वरून ८८ वर आला, बसून मोजला की नॉर्मल दिसायचा, म्हणून कुणाला पटत नव्हतं. फिजिओने तीन बॉलचा स्पायरोमीटर (श्वास ओढून बॉल वर उचलायचं, फुफ्फुसांच्या व्यायामाचं साधन) आणि हळूहळू वाढवत चालणं दिलं. आता जिने चढतो, पण सिंहगड अजून नाही. तुम्हाला कशाचा उपयोग झाला, घरच्यांनी काय केलं, सगळं लिहा. फक्त औषधांचे डोस नकोत, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा.

रानजाई : माझा वास गेला होता. तो परत आला तो भलताच होऊन. कांदा परतायला घेतला की जळक्या रबराचा वास, कॉफी तर गटारासारखी. सगळ्या घराचा स्वयंपाक करायचा आणि आपण दहीभात खायचा, असं कितीतरी महिने चाललं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ हुंगायला सांगितलं, आणि हुंगताना तो वास आठवायचा. कंटाळवाणं आहे पण सोडू नका. आधी लवंग कळली, मग लिंबू. लसणाची फोडणी अजून सहन होत नाही. आणि हो, वास येत नसेल तर गॅसची गळतीही कळत नाही, आमच्याकडे सासूबाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं, रोज रात्री रेग्युलेटर त्याच बंद करतात.

कृष्णाकाठ : आम्ही सांगलीकडचे. आमच्या ह्यांना म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, झाला. शुगर आधीपासून होती, स्टिरॉइडने ४०० च्या वर गेली. कोविड बरा झाला आणि गाल बधिर, दात हलायला लागले. त्यावरचं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन तेव्हा मिळत नव्हतं, कलेक्टर ऑफिसच्या यादीत नाव लागायची वाट बघायची. डोळा वाचला, वरचा अर्धा जबडा काढावा लागला. आता टाळूला प्लेट बसवलीय. ती काढली की प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि बोललेलं समजत नाही, म्हणून धुवायला काढायची तीसुद्धा दार लावून. भाकरी आमटीत कुस्करून खातात. लग्नाला येतात पण पंगतीला बसत नाहीत, मी आग्रह करत नाही आणि दुसऱ्या कुणालाही करू देत नाही. शेतात मात्र रोज जातात, फोनवर व्यापाऱ्याशी स्वतः बोलतात, त्याचा मला फार अभिमान आहे.

सातासमुद्रा : मी इंग्लंडमध्ये असते. दादा, चालणं वाढवायचा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही हो, म्हणून मुद्दाम लिहितेय. मला घरीच सौम्य कोविड झाला होता, छातीचे रिपोर्ट स्वच्छ. पण एक दिवस जास्त काम केलं की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठता येत नाही, मीटिंगमध्ये साधा शब्द आठवत नाही. इथल्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) लाँग कोविड क्लिनिकमध्ये पेसिंग शिकवलं, म्हणजे थकायच्या आधी थांबायचं, बरं वाटतंय त्या दिवशीसुद्धा. भाजी बसून चिरते, केस धुतले त्या दिवशी कपडे धुवायला काढत नाही. अर्धवेळ नोकरी करते. मी आळशी नाही हे आईला फोनवर समजवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

धागाकर्ता : ताई, बरोबर आहे. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी जे कोसळतात त्यांनी माझ्यासारखा व्यायाम वाढवू नये, आधी डॉक्टरांना हे नेमकं सांगावं.

माळरान : केस मूठमूठ गळत होते, ताप जाऊन दोन-तीन महिन्यांनी सुरू झालं. आपोआप थांबलं, नवे आले. घाबरू नका.

सह्यवारा : स्टिरॉइड घेतलेल्यांसाठी लिहितो. मी कबड्डी खेळायचो. बरा झाल्यावर काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं, एक्सरेत काही नाही, सगळे म्हणाले स्नायू आखडलाय. एमआरआय केला तेव्हा कळलं, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड मरत होतं. लवकर सापडलं म्हणून सांधा बदलावा लागला नाही, छोट्या ऑपरेशनवर भागलं. मांडी घालून बसता येत नाही, खेळ बंद, पण गल्लीतल्या पोरांना शिकवतो. जांघेतलं दुखणं थांबत नसेल, लंगडायला होत असेल तर हाडाच्या डॉक्टरांना स्टिरॉइड घेतल्याचं आठवणीने सांगा, डिस्चार्जचा कागद सोबत न्या.