दूरच्या रास्पबेरी पायचा मूळ पासवर्ड कसा बदलावा?

प्रश्न: द्राक्षबागेत हवामानाच्या नोंदी घेणारा आमचा जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) मी घरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीने, हाताळतो. त्यावर अजून ‘पाय’ (pi) हे मूळ खाते आणि ‘रास्पबेरी’ (raspberry) हाच पासवर्ड आहे. तो बदलताना माझाच प्रवेश बंद होऊ नये, यासाठी काय काळजी घ्यावी?

उत्तर १: लॉगिन करून ‘पासडब्ल्यूडी’ (passwd) ही कमांड द्यावी. आधी जुना पासवर्ड आणि मग नवा दोनदा विचारला जातो. टाइप करताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, म्हणून गोंधळून जाऊ नये. पासवर्ड बदलल्याने चालू सेशन तुटत नाही, त्यामुळे ते तसेच ठेवून दुसऱ्या विंडोतून नव्या पासवर्डने लॉगिन होते का ते पाहावे; न झाल्यास पहिल्या विंडोतून त्याच कमांडच्या आधी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) आणि शेवटी खात्याचे नाव लावून (sudo passwd pi) तो पुन्हा बदलता येतो.

उत्तर २: कृपया हे आजच करावे. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असंख्य कॅमेरे आणि राउटर केवळ मूळ पासवर्डांची यादी वापरून ताब्यात घेतले होते.

उत्तर ३: एप्रिल 2022 पासूनच्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये (त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये) ‘पाय’ हे ठरावीक खातेच नसते, पण जुन्या मेमरी कार्डावरील खाते अपडेट केल्याने आपोआप जात नाही.