एचडी डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये का चालत नाही?

प्रश्न: माळ्यावर माझा जुना एचडी डीव्हीडी प्लेअर सापडला (एचडी डीव्हीडी म्हणजे ब्लू-रेची एकेकाळची प्रतिस्पर्धी डिस्क), सोबत सात डिस्क. चित्र अजून झकास दिसतं! पण ब्लू-रे प्लेअर त्या डिस्कना ओळखही देत नाही. लेझर तर दोन्हीचा ४०५ नॅनोमीटरचाच ना? मग अडतंय कुठे?

उत्तर १: माहितीचा थर किती खोल आहे, तिथे अडतंय. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर, एचडी डीव्हीडीत ०.६ वर, म्हणजे साध्या डीव्हीडीइतकाच. म्हणून एचडी डीव्हीडी डिस्क कारखान्यात डीव्हीडीच्या जुन्याच यंत्रांवर थोड्या बदलाने निघायची. ब्लू-रेचं भिंग मात्र जास्त बारीक ठिपका पाडतं. त्यामुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीच्या १५.

उत्तर २: पण दोघांच्या स्पर्धेचा निकाल जीबीवरून लागला नाही हो. प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्राबरोबर ब्लू-रे घराघरांत आयता शिरला. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या चित्रपट कंपनीने आपले चित्रपट फक्त ब्लू-रेवरच काढायचं जाहीर केलं, १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने हात टेकले.

प्रश्नकर्ता: आणि मी डिसेंबर २००७ मध्ये प्लेअर घेतला होता. मुहूर्त बघा! दोन्ही वाचणारा कुणी काढलाच नाही का?

उत्तर १: काढला होता, एलजीने, २००७ मध्येच. तुमचा चालतोय तोवर बघून घ्या.