आधी टेम्पररी घ्या, मग पर्मनंट करा: यात चूक काय?

शेड्यूलवाला
चाकणला एका मशीन शॉपमध्ये माणसं भरायचं काम माझ्याकडे आहे. दुचाकीचे पार्ट बनतात. पर्मनंट 62 आणि कंत्राटदाराकडून टेम्पररी महिन्यागणिक 35 ते 90. परवा जेवताना आतेभाऊ तोंडावर म्हणाला, "तुम्ही लोक पोरांना राबवून घेता." तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून इथे मांडतोय.

गिऱ्हाईक कंपनी महिन्याचं शेड्यूल देते आणि मधेच बदलते. दसरा-दिवाळीच्या आधी दोन महिने तीन शिफ्ट चालवूनही माल पुरत नाही. डिसेंबरात डीलरकडे गाड्या पडून असतात आणि आमच्याकडे निम्म्या मशिनी झाकलेल्या. बारमाही 150 माणसं ठेवली तर त्यातली कितीतरी बसवून पगार द्यावा लागेल. तो कुठून आणायचा?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलाखतीत काही कळत नाही. आयटीआयला उत्तम मार्क मिळवलेला पोरगा ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती, टाकताना प्लस-मायनसचा घोळ करतो. उलट मागे उदगीरकडचा एक आला, दहावी नापास. तिसऱ्याच दिवशी मशीन थांबवून उभा. सुपरवायझर ओरडला तर म्हणे, "साहेब, आवाज बदललाय." पाहिलं तर इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या टोकाची, कड उडालेली. गेजमध्ये पीस अजून पास होत होते, पण पुढचे वीस-पंचवीस भंगारातच गेले असते. आज तो पर्मनंट आहे, सेटिंग करतो. नुसते कागद बघितले असते तर मी त्याला गेटवरूनच परत पाठवला असता. टेम्पररी भरती म्हणजे माझ्या दृष्टीने लांबलेली मुलाखत. तोही कंपनी बघतो, आम्हीही त्याला बघतो.

नाईट_शिफ्ट
वाळूजला सहा वर्षं, तीन कंपन्या, पाच कंत्राटदार. लांबलेली मुलाखत म्हणता ना, माझी अजून चालूच आहे.

एकच विचारतो. त्या पोराने आवाज तिसऱ्या दिवशी ओळखला. पर्मनंट कधी केला?

शेड्यूलवाला
दीड वर्षाने. जागा मंजूर होऊन यावी लागते, ती माझ्या हातात नाही. मधे दोन ब्रेक द्यावे लागले, तेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तेच विचारणार.

नाईट_शिफ्ट
विचारणारच होतो. ज्यांनी ब्रेक खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सातवा महिना संपत आला की सुपरवायझर गोड बोलायला लागतो. मग एक दिवस शिफ्ट सुटताना गेटपास जमा, सेफ्टी शूज जमा. "वीस-बावीस दिवस गावाकडे जाऊन ये." परत आलं की पास नवा, त्यावर कंत्राटदाराचं नाव दुसरं, मशीन मात्र तेच. गेल्या वेळी माझ्या मशीनच्या दांड्याला मीच गुंडाळलेली चिकटपट्टी तशीच होती. पीएफच्या पासबुकात चार आस्थापनांची नावं आहेत, त्यातल्या एकाने सोडल्याची तारीखच भरली नाही, म्हणून पैसे ट्रान्सफर होत नाहीत.

सातव्या महिन्यातच का? कारण 12 महिन्यांत 240 दिवस भरले की टेम्पररी माणसाला पर्मनंट करावं, असं आपल्या राज्याच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या शर्तींच्या नमुना नियमांत, लिहून ठेवलंय. 240 दिवस म्हणजे आठ महिने. त्याच्या आत घरी धाडलं की प्रश्न मिटला. साहेब, तुमची मुलाखत माणूस पारखायला असती तर पारखून झाल्यावर संपली असती. ती कॅलेंडर बघून संपते.

अंबडचा_वर्कशॉपवाला
सगळे मालकालाच धुताय म्हणून लिहितो. माझ्याकडे 18 माणसं. 2019 ला गाड्यांचा बाजार बसला, पाठोपाठ 2020 चा लॉकडाऊन. मी कोणाला काढलं नाही, घरच्या सोन्यावर कर्ज काढून पगार केले. पुन्हा तसं करणार नाही. आता नवीन माणूस कंत्राटदाराकडूनच घेतो. कायदेच असे आहेत की एकदा पर्मनंट केला की काढता येत नाही, सरकारची परवानगी लागते. कायदा सैल करा, मग बघा कसे पर्मनंट घेतो.

पगारपत्रक
@अंबडचा_वर्कशॉपवाला, सोनं गहाण ठेवून पगार केलेत त्याबद्दल मनापासून नमस्कार. पण 18 माणसांच्या कारखान्याला कामगार कमी करायला सरकारची परवानगी कधीच लागत नव्हती. ती अट 100 आणि वरच्यांना होती, आता नव्या कामगार संहितेत 300. तुम्हाला लागतं ते मुख्यतः हे: एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. सैल करायचा तो कायदा तुमच्यापर्यंत कधी आलाच नव्हता.

मी वीस वर्षं छोट्या-मोठ्या कंपन्यांचे पगार आणि पीएफ-ईएसआयची चलानं करतोय. त्यामुळे @शेड्यूलवाला, तुमच्या पोस्टमध्ये मला पहिला दिसला तो आकडा. 35 ते 90. सीझन आला की 90 होतात, कबूल. पण मंदीतही 35 च्या खाली येत नाहीत. मग ते 35 सीझनचे कसे? ती बारमाही कामं आहेत, फक्त माणसं टेम्पररी आहेत.

आणि हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलंय. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटनांच्या कायद्यात अनुचित प्रथांची यादी आहे. तिच्यात सरळ म्हटलंय की कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षं बदली (गैरहजर माणसाच्या जागी), कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा. अडचण अशी की कंत्राटदार मधे आला की माणूस कागदावर तुमचा राहतच नाही. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट नुसतं दिखाऊ आहे, हे त्याला सिद्ध करावं लागतं. रात्रपाळी करून ते कोण सिद्ध करणार?

नव्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यात मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी माणसं लावायला मनाई आहे, पण अपवादही आहेत. काम अचानक वाढलं आणि ठराविक मुदतीत उरकायचं असेल तर चालतं. तुमचे दिवाळीचे 55 त्यात बसवता येतील. खालचे 35 कुठे बसवणार?

शेड्यूलवाला
हा हिशोब मी असा कधी मांडला नव्हता. पण मग करू काय? पर्मनंट 62 मध्ये एकाची भर टाकायची म्हटलं तरी तीन मीटिंगा होतात.

पगारपत्रक
मुदतीच्या करारावर थेट कंपनीच्या पटावर घ्या. नियुक्तिपत्र तुमचं, पगार त्याच कामाच्या पर्मनंटइतका, मुदत संपली की करार संपला. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षावर मिळते. कंत्राटदाराचं कमिशन वाचतं ते यात घाला. शेड्यूल पडलं तर करार वाढवू नका, कोणी अडवत नाही.

नाईट_शिफ्ट
म्हणजे आता ब्रेकऐवजी करार संपणार. फरक एवढाच की कागद चांगला असेल.

पगारपत्रक
फरक आहे, भाऊ. त्या कागदावर कंपनीचं नाव असेल. बँक घराच्या कर्जाला तोच विचारते. पण करार कितीही वेळा तोच-तोच केला तर तुम्ही म्हणता तेच होणार, हे खरं.

गिरणगावचा
माझे वडील लालबागच्या गिरणीत बदली कामगार होते. तेव्हाही हेच म्हणायचे की गिरणीला गैरहजेरी असते, म्हणून बदली लागतात. सकाळी साडेसहाला बदलीचं कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कोणाचा खाडा पडला तर आत, नाहीतर चालत घरी. आई डबा भरून द्यायची, पण तो बऱ्याचदा घरीच परत येऊन उघडला जायचा. वाईटच होतं ते, त्याचं कौतुक करत नाहीये. 1982 च्या संपात दत्ता सामंतांच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी उगाच नव्हती.

पण एक गोष्ट तेव्हा होती. पूर्वी जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, आपल्या मर्जीने बदली भरायचा, पैसे खायचा. म्हणून बदली कंट्रोल योजना आली. नाव नोंदलेलं, कार्ड हातात. वडील कितव्या नंबरवर आहेत हे त्यांना पाठ असायचं, पुढचा कोण कायम होणार हेही. आशा होती म्हणा, पण ती वहीत लिहिलेली होती.

@शेड्यूलवाला, तुमच्याकडे तशी वही आहे का? म्हणजे गेल्या पाच वर्षांत टेम्पररीतून पर्मनंट किती झाले?

शेड्यूलवाला
अकरा. हे तोंडपाठ आहे, प्रत्येकाची फाइल मीच केली.

नाईट_शिफ्ट
अकरा. कितीपैकी?

शेड्यूलवाला
ते लगेच सांगता येणार नाही. मधे कंत्राटदार दोनदा बदलला, जुनी हजेरी रजिस्टरं त्यांच्याकडेच गेली. सोमवारी फोन करून बघतो. पहिल्या कंत्राटदाराचा फोन लागतो का, तेच आधी बघायला लागेल.