वीज कंपनीच्या संचालक मंडळावर ओलित करणारा माणूस का नको?

रातपाळीवाला, मोर्शी
परवा रात्री दीड वाजता हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप बदलत होतो. या आठवड्यात आमच्या फीडरला, म्हणजे वावराला वीज देणाऱ्या वाहिनीला, रातची पाळी. बॅटरी दातात धरलेली, पाइप खांद्यावर, पाय ढेकळात रुतलेला आणि धुऱ्यापलीकडं रानडुकरांची खुसफुस. तेव्हा मनात आलं, ही पाळी ठरवतं कोण? कोणालाही विचारा, "वरून आलं" म्हणतात. म्हणून हा 'वर' जरा शोधला.

2005 मध्ये वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या: निर्मिती, पारेषण, वितरण आणि या तिघींची मालकी असलेली सूत्रधारी. सूत्रधारी सरकारची, म्हणजे महावितरणही सरकारचीच. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक आयएएस अधिकारी. इथवर माझी तक्रार नाही.

पण वीज कायदा 2003 चं कलम 65 वाचा. सरकारला कोणाला सवलतीत वीज द्यायची असेल तर त्याचे पैसे कंपनीला आगाऊ भरायचे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल मार्च 2029 पर्यंत सरकार भरणार, म्हणजे आमच्या नावावरचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आता सरकारच. हप्ता लांबला तर तगादा कोणी लावायचा? सरकारनंच नेमलेल्या लोकांनी? उधारी ज्याची, गल्ल्यावर बसलेला माणूसही त्याचाच.

त्यात 2017 मध्ये केंद्रानं कंपनी नियम बदलले. शेअर बाजारात नसलेल्या, पूर्ण मालकीच्या उपकंपनीला स्वतंत्र संचालक नेमण्याची सक्ती राहिली नाही. माझं म्हणणं, सक्ती नसली तरी दोन बाहेरचे संचालक घ्या. त्यातला एक वावरात पाणी देणारा असावा. लेखापरीक्षण समिती त्यांच्या हाती द्या आणि बैठकीचं इतिवृत्त संकेतस्थळावर टाका.

जुना_मंडळवाला, अकोला
बाळा, तुझी तळमळ पटली, औषध पटलं नाही. वीज मंडळात तीस वर्षं हिशेब लिहिले. शेतकरी संचालक म्हणशील तर कोण येईल सांगू? बाजार समितीत पडलेला, नाही तर तिकीट न मिळालेला. त्याला गाडी मिळेल, तुझी रातपाळी तिथंच राहील.

आणि देखरेख नाही असं कसं म्हणतोस? लेखापरीक्षक कॅग नेमतं, त्यावर स्वतः पूरक तपासणी करतं. विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो. चौथा पहारेकरी कशाला?

दिवसाच्या विजेचंही ऐक. शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना 2017 ला आली ती मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. दिवसा पाणी द्यायचं असेल तर ती तुझ्या फीडरवर कधी येते ते विचार.

पऱ्हाटीवाला
राजेहो, तुमी दोघंबी मुंबईतल्याच खुर्च्या मोजून रायले. चंद्रपूरच्या कोळशाच्या वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, कोराडी-खापरखेडा नागपूरच्या बाजूले. राख आमच्या पऱ्हाटीवर, अन् ओलित आमी रात्री करतो. संचालक कोनीबी बसवा, मले डीपी, म्हंजे वावरातला ट्रान्सफॉर्मर, जळाल्यावर ती कधी बदलन हे सांगा. किती तासात बदलाची ते आयोगाच्या विनियमात लिवून हाय, उशीर झाला तर भरपाईबी हाय. किती जनाईनं मागतली? काकांनी सांगावं, मी तं एकबी पाह्यला नाई.

सविता_वर्धा
काका, तीन पहारेकरी आहेत हे खरं, पण तिघेही झाल्यावर येतात. एक उदाहरण देते. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर निघतं, त्यानं किती युनिट ओढली हे अंदाजानं धरतात. अंदाज फुगवला की गळती आणि चोरी तेवढीच कमी दिसते. सगळं शेतकऱ्याच्या नावावर खपतं, वर "शेतकऱ्यामुळं कंपनी बुडाली" हे ऐकायचं. आकडा कागदावर चढायच्या आधी "फीडरच्या मीटरशी जुळवून दाखवा" असं म्हणणारा माणूस आत हवा. तो शेतकरीच असावा असा माझा हट्ट नाही. आकडे वाचणारा हवा, आणि त्याची नेमणूक ऊर्जा खात्याकडून नको.

जुना_मंडळवाला, अकोला
सविताताई, हा मुद्दा बरोबर आहे. अंदाजाची युनिट हे आमच्या खात्याचं जुनं दुखणं. पण त्यावर बोट आयोगानंच ठेवलं ना?

बाहेरच्या माणसाचं म्हणाल तर नागपूर आठवा. 2011 मध्ये सिव्हिल लाइन्स, महाल, गांधीबाग फ्रँचायझीला, म्हणजे वीज वाटपाचं काम घेतलेल्या खासगी कंपनीला, दिले, 2019 मध्ये परत घ्यावे लागले.

रातपाळीवाला, मोर्शी
काका, फ्रँचायझी आणि स्वतंत्र संचालक यांची गाठ कशी मारली तुम्ही? मी कंपनी विकायला सांगत नाही, उलट ती सरकारचीच राहावी म्हणून बोलतोय. आणि नागपूर द्यायचं कोणत्या हिशेबावर ठरलं, परत घ्यायचं कोणत्या, हे इतिवृत्तातच कळेल ना?

4 जानेवारी 2023 चा संप घ्या. महावितरणच्याच भागात खासगी कंपनीलाही वीज विकू देणाऱ्या समांतर परवान्याच्या विरोधात कर्मचारी उतरले, त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन संप मिटला. मिटला ते चांगलंच झालं. पण कंपनीच्या संचालक मंडळाचं त्या परवान्यावर काय म्हणणं होतं, तुम्हाला आठवतं का? मला नाही आठवत.

शेतकरी संचालकाबद्दल मात्र तुमचं खरं निघेल अशी धास्ती मलाही आहे. आमच्या सोसायटीत बघतोच. ती मागणी सध्या बाजूला ठेवतो. इतिवृत्ताची सोडत नाही.

पऱ्हाटीवाला
सोसायटीचं नाव नोको काढू भाऊ, जेवन जात नाई.

जुना_मंडळवाला, अकोला
इतिवृत्ताला माझा विरोध नव्हताच. संकेतस्थळावर यायची वाट कशाला पाहतोस? सरकारी कंपनी माहिती अधिकारात येते. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव. मागच्या दोन वर्षांत कृषी अनुदानाच्या थकबाकीवर संचालक मंडळात काय ठराव झाला, एवढंच माग. "सर्व माहिती द्या" लिहिलंस की फेटाळतील, हे आतल्या माणसाचं ऐक. मसुदा मी लिहून देतो, सही तुझी.