मदत हवी आहे: मुलाला नकलबॉल शिकायचा आहे, शिकवणारं कोणी उरलंय का?

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा आहे. अंगकाठी आमच्या घराण्याला शोभेल अशी किरकोळ, त्यामुळे फास्टबॉल काही केल्या जोरात जात नाही. कुठून तरी त्याला आर. ए. डिकी या पिचरचे जुने व्हिडिओ सापडले आणि आता डोक्यात एकच खूळ, नकलबॉल. कोच म्हणतात, नाद सोड, आधी वेग वाढव. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, तेव्हा घरात निवाडा कसा करू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोटांची टोकं चेंडूत रोवून तो जवळजवळ न फिरवता ढकलायचा. बॅटरपुढच्या होम प्लेटपर्यंतच्या 60 फूट 6 इंचांत तो जेमतेम एखाद-दोन गिरक्या घेतो. शिवण जशी समोर येईल तशी हवा कधी या बाजूने, कधी त्या बाजूने ढकलते आणि चेंडू डुगडुगत येतो. कुठे वळेल ते बॅटरला कळत नाही, मागे चेंडू पकडणाऱ्या कॅचरला नाही आणि टाकणाऱ्यालाही नाही. बॉब युकर हा कॅचर म्हणायचा की नकलबॉल पकडायची रीत सोपी आहे, तो घरंगळायचा थांबला की उचलायचा!

याच चेंडूवर फिल निक्रोने 318 विजय मिळवले आणि 48 वर्षांचा होईतो पिचिंग केलं. त्याला तो शिकवला वडिलांनी, ओहायोत, घराच्या अंगणात. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. टिम वेकफील्ड मुळात पिचर म्हणून घेतलेलाच नव्हता, तरी 200 विजयांपर्यंत गेला. आणि आमच्या चिरंजीवांचा हिरो डिकी! त्याच्या उजव्या कोपरात पिचरला सगळ्यात गरजेचा असतो तो अस्थिबंधच नव्हता. तरी 2012 मध्ये, वयाच्या 38व्या वर्षी, उत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने घेतला. नकलबॉलवाल्याला तो मिळाल्याची ती पहिलीच वेळ.

मग पुढची फळी कुठे गेली? अलीकडचं मला एकच नाव दिसतं, 2023 मध्ये सान डिएगोच्या संघाकडून पहिल्यांदा खेळलेला मॅट वॉल्ड्रन, आणि तोही दर चेंडूला नकलबॉल टाकत नाही. बॅटर मारायला शिकले म्हणून हा चेंडू मागे पडला, हे मला पटत नाही. माझा संशय वेग मोजणाऱ्या रडार गनवर आहे. मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक बेसबॉलचा सरासरी फास्टबॉल आज ताशी 94 मैलांच्या आसपास. ताशी 70 मैलांनी टाकणाऱ्या पोराकडे खेळाडू हेरणारा स्काउट दुसऱ्यांदा बघणार तरी कशाला?

तर, कोचचं ऐकावं का? आणि या भागात हा चेंडू येणारं कोणी जुनंजाणतं ओळखीचं आहे का?

प्रतिसाद

रडार गनचं बरोबर आहे, पण ते अर्धंच. तऱ्हेवाईक चेंडू सगळेच गेले नाहीत. आडवा लांब सरकणारा स्वीपर 2023 पासून आकडेवारीत वेगळा मोजतात. बॅटरजवळ एकदम खाली पडणारा स्प्लिटर मागे पडला होता, तो जपानी पिचरांमुळे पुन्हा जोरात आहे, त्याच जातीचा कोदाई सेंगाचा फोर्कबॉल बघा. हे चेंडू कॅमेऱ्यापुढे घडवता येतात. पकड थोडी बदल, गिरक्या मोज, उद्या हुबेहूब तसाच टाक. नकलबॉलला हे लागू पडत नाही, कारण तो दर वेळी वेगळा जातो. जे मोजून सुधारता येत नाही त्यावर हल्लीचे कोच वेळ घालवत नाहीत.

मुलाला सरावाआधी सहज झेलाझेली करताना टाकू द्या. फास्टबॉल मात्र सोडू नका, वॉल्ड्रनही तो टाकतोच. स्क्रूबॉलचं खूळ शिरलं तर तेवढं अडवा. मनगट उलटं पिळायचा तो प्रकार आहे आणि तो टाकून टाकून कार्ल हबेलचा डावा तळवा पुढे कायमचा बाहेर वळलेला राहिला होता.

प्रतिसाद

बेसबॉल मला कळत नाही, पण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने 2011च्या विश्वचषकात नकल बॉल टाकला होता. पुढे भुवनेश्वर कुमारनेही टाकला. आमच्याकडे तो टिकला कारण वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाच्या वाट्याला 24च चेंडू येतात, त्यात दोन जरी फसवे पडले तरी काम होतं. पोरालाही तसाच अधूनमधून टाकू द्या की.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. अधूनमधूनचा तोडगा कोचपुढे ठेवतो. एक नवीनच अडचण आली आहे. संघातला कॅचर म्हणतो, हा चेंडू माझ्या हातात राहत नाही. 1960 मध्ये बाल्टिमोर संघाचा मॅनेजर पॉल रिचर्ड्स याने हॉइट विल्हेल्मचा नकलबॉल पकडायला कॅचरसाठी भलामोठा मिट, म्हणजे हातमोजा बनवून घेतला होता असं वाचलं. पुढे मिटच्या मापावर मर्यादा आली, घेर 38 इंचांपर्यंत. शाळेच्या सामन्यांना हीच मर्यादा असते का? आणि एवढा मोठा मिट मिळतो कुठे?